ज्याची त्याची फुंकणी

लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालं आणि डोंगर ओलांडून सपाटीवर उतरलं की बेकर्सफील्ड शहर लागतं. जमिनीतलं तेल उपसणारे पंप तिथे दिवसरात्र माना खालीवर करत असतात. त्यांच्या पलीकडे बदामाच्या बागा आणि गाजरांची शेतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. शहराबाहेर फमोसो नावाची ड्रॅग शर्यतीची पट्टी आहे. १९५९ साली सुरू झालेली ‘मार्च मीट’ ही तिथली नावाजलेली शर्यत. पण एरवीच्या शनिवारीही साधीसुधी माणसं आपापली गाडी घेऊन तिथे येतात, पैसे भरतात आणि गाडी पळवून पाहतात.

ड्रॅग शर्यत म्हणजे आपल्या विदर्भातला शंकरपटच समजा, फक्त बैलजोडीच्या जागी इंजिन. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. सरळ पट्टी, पाव मैल लांब, म्हणजे १३२० फूट. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे पेटतात, मग हिरवा. हिरवा दिसला की सुटायचं. पट्टी संपवून परत येताना एका खिडकीतून कागदाची चिठ्ठी मिळते. पहिले साठ फूट किती सेकंदांत गेले, अर्धी पट्टी किती सेकंदांत, पूर्ण पट्टी किती सेकंदांत, आणि शेवटी वेग किती होता, सगळं त्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. ती चिठ्ठी कुणाचं ऐकत नाही आणि कुणाला लाजत नाही.

या बेकर्सफील्डात एक तरुण पोरगा राहत होता. गाजरं धुऊन पिशव्यांत भरणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या आजोबांनी जाताना त्याच्यासाठी १९६९ सालची हिरवी शेव्हरले नोव्हा मागे ठेवली होती. साडेतीनशे घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन. सोमवार ते शुक्रवार त्याच गाडीने तो कामावर जाई आणि शनिवारी तीच गाडी फमोसोच्या पट्टीवर उभी करी. पट्टी संपवायला गाडीला १४.६० सेकंद लागत. आजोबांची गाडी म्हणून त्याला तिचा अभिमान होता, पण तो आकडा त्याला रात्री झोपू देत नव्हता.

त्याच पट्टीवर एक काळी नोव्हा येत असे. साल तेच, सांगाडा तोच. पण ती पट्टी दहा सेकंदांत संपवी. ती सुटली की जमीन हादरे आणि बघ्यांच्या छातीत ढोल वाजे. पोरगा तिच्याकडे बघत राही. एका शनिवारी तिचं बॉनेट उघडं होतं. आत इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी चार-चार जाडजूड नळ्या सापांसारख्या वळत खाली उतरल्या होत्या. पोरग्याच्या गाडीत त्या जागी बिडाचा एक ठोकळा होता. चारही सिलिंडरांचा धूर त्या ठोकळ्यात एकमेकांना ढकलत, धडका देत बाहेर पडायचा. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. काळ्या गाडीत होता तो हेडर. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते, आणि बऱ्याच पुढे जाऊन चारही नळ्या एका तोंडात मिळतात. त्या तोंडाला कलेक्टर म्हणतात.

पोरग्याला वाटलं, हेच ते गुपित.

“तुझ्या नळ्या केवढ्या रे?” त्याने काळ्या गाडीवाल्याला विचारलं.

“दोन इंची.”

“विकशील?”

“नवा सेट बनवायला टाकलाय. हा जुना तुला हवा असेल तर घेऊन जा.”

सौदा तिथेच झाला. पोरग्याने इंजिनाबद्दल काही विचारलं नाही. काळ्या गाडीवाल्यानेही त्याच्या इंजिनाबद्दल काही विचारलं नाही. दोघेही खूश होते.

हेडर बसवायला दोन रविवार गेले. डाव्या बाजूच्या शेवटच्या प्लगपर्यंत पाना पोचेना. उजव्या बाजूची एक नळी स्टार्टरला जवळजवळ चिकटून गेली. कलेक्टर साडेतीन इंची आणि गाडीचा जुना सायलेन्सरचा पाइप अडीच इंची, म्हणून मध्ये एक सांधा जोडावा लागला. हाताची सालपटं निघाली. पण गाडी सुरू केली तेव्हा अख्खी गल्ली खिडकीत आली. पोरग्याला वाटलं, सालपटं वसूल झाली.

शनिवारी तो पट्टीवर गेला. हिरवा दिवा लागला, गाडी गरजली. त्याला वाटलं, एवढी जोरात ती कधीच पळाली नव्हती. परत येताना त्याने खिडकीतून चिठ्ठी घेतली.

१४.९० सेकंद.

त्याने पुन्हा गाडी रांगेत लावली. १४.८८. घड्याळ बिघडलं असेल म्हणावं, तर शेजारच्या पट्टीवरच्या गाडीचा आकडा नेहमीसारखाच होता.

सोमवारी कामावर जाताना आणखी गोष्टी कळल्या. सिग्नल सुटला की गाडी आधी आळस द्यायची, मग हलायची. पाय उचलला की मागे फटाके वाजायचे. कारखान्याच्या दारातल्या गतिरोधकावर कलेक्टर घासून ठिणग्या उडाल्या. बुधवारी दुपारी तो पेट्रोल भरायला थांबला आणि पैसे देऊन किल्ली फिरवली, तर नुसती ‘टक’. नळीच्या धगीने स्टार्टर तापला होता. उन्हात तासभर फुटपाथवर बसून राहिला, तेव्हा कुठे गाडी चालू झाली.

शनिवारी तो तडक काळ्या गाडीवाल्याकडे गेला. “तू मला फसवलंस.”

काळ्या गाडीवाला चिडला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “तू माझे जोडे मागितलेस, मी काढून दिले. तुझ्या पायाचं माप तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. म्हणजे अर्धी चूक माझी. पैसे परत हवेत तर देतो. पण आधी पॉप्सकडे जाऊन ये.”

पॉप्स म्हणजे त्या गावातला सायलेन्सर दुरुस्त करणारा म्हातारा. आपल्याकडे अशा माणसाला सगळे बापू म्हणतात, तसं तिथे पॉप्स. आयुष्यभर नळ्या वाकवून आणि जोडून त्याचे कान मंद झाले होते. इंजिन ऐकायचं असेल तर तो हातमोजा चढवून नळीवर हात ठेवायचा. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक लिफ्ट, एक वेल्डिंगचा संच आणि भिंतीला टेकलेले शेकडो वाकडेतिकडे तुकडे.

पोरग्याने सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, “पॉप्स, आता तुम्हीच सांगा, कोणता हेडर घेऊ?”

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने विचारलं, “तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन किती?”

“माहीत नाही.”

“कॅमशाफ्ट मूळचा की बदललेला?”

“बहुतेक मूळचा.”

“मागच्या गिअरचं प्रमाण?”

“ते... बघावं लागेल.”

“इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या झाल्या की गिअर बदलतोस? पट्टीचा शेवट ओलांडताना इंजिन किती फेऱ्यांवर असतं? आणि आठवड्यातले किती तास ही गाडी रस्त्यावर असते?”

पोरग्याने मान खाली घातली.

म्हाताऱ्याने खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही काढली आणि कानावरची पेन्सिल त्याला दिली. “पुढच्या शनिवारपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. फक्त लिहायचं.”

पोरग्याला राग आला. पण गाडी उन्हात पुन्हा बंद पडेल या भीतीने तो राग गिळून घरी गेला. मित्राकडून फेऱ्या मोजणारा मीटर मागून आणला. गाडी जॅकवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं, मूळ कागदपत्रं शोधली, आजोबांच्या खोक्यातली बिलं चाळली. हळूहळू वहीत आकडे उतरले. कॉम्प्रेशन सुमारे नवास एक. कॅमशाफ्ट मूळचाच. मागचा गिअर ३.०८. हायवेवर ताशी ६५ मैलांना इंजिन २६०० फेऱ्यांवर. गिअर आपोआप बदलतो पाच हजारांच्या आत. आणि पट्टीचा शेवट ओलांडताना? त्याने तीनदा पाहिलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. जेमतेम चार हजार.

शनिवारी पॉप्सने वही वाचली. मग एखादा ज्योतिषी दोन पत्रिका जुळवायला घेतो तशा दोन चिठ्ठ्या टेबलावर शेजारी ठेवल्या, एक बिडाच्या मॅनिफोल्डची आणि एक दोन इंची हेडरची.

“इथे बघ. पहिले साठ फूट. आधी २.२० सेकंद, आता २.३८. म्हणजे तू उभ्या जागेवरच हरलास. आणि इथे शेवटचा वेग. आधी ताशी ९५ मैल, आता ९६. वेग वाढला आणि वेळही वाढला. याचा अर्थ काय?”

“गाडी शेवटी शेवटी पळते, पण सुरुवातीला उठत नाही.”

“बरोबर. थोडा दोष कार्बोरेटरचा आहे. धूर मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं, मग पेट्रोलही जास्त लागतं. तू जेट बदलले नाहीस. गास्केटमधूनही गळतंय. पण मूळ दुखणं वेगळं आहे.”

म्हाताऱ्याने कोपऱ्यातून दोन गोष्टी आणल्या. एक मिल्कशेक प्यायची नळी आणि एक कागदी टॉवेल संपल्यावर उरणारं पुठ्ठ्याचं नळकांडं. टेबलाच्या कडेला धूळ साचली होती.

“नळीने फुंक.”

पोरग्याने फुंकलं. धुळीत सरळ रेघ उमटली.

“आता नळकांड्याने.”

त्याने गाल फुगवून फुंकलं. धूळ जागची हलली नाही.

हे आपल्याला नव्याने सांगायला नको. चुलीपुढे बसलेल्या कोणत्याही आजीला ते ठाऊक होतं. फुंकणी असते हातभर लांब आणि अंगठ्याएवढ्या भोकाची. तेवढ्यातून फुंकलं की छातीतला श्वास थेट निखाऱ्यापर्यंत जातो आणि जाळ पेटतो. त्याच आजीच्या हातात मोरीचा पाइप दिला, तर तिने कितीही जीव काढून फुंकलं तरी राख जागची हलणार नाही. श्वास तेवढाच असतो, तो पाइपात पसरून जातो.

पॉप्सने आपल्या भाषेत हेच सांगितलं. “लोक म्हणतात, इंजिनाला मागून थोडा दाब लागतो, म्हणून बारीक पाइप बरा. ते खोटं आहे. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो धुराचा वेग. धूर नळीतून वेगात गेला की त्याच्या मागे पोकळी तयार होते. त्याशिवाय दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते, सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वेगाने. कलेक्टरपाशी जागा एकदम मोठी झाली की ती लाट उलटते आणि ओढ बनून परत येते. ती नेमक्या क्षणी झडपेपाशी पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला धूर खेचून बाहेर काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला वाट करून देते. नळीचा व्यास आणि लांबी जुळली की हे सगळं फुकटात मिळतं. जुळली नाही, तर राहतो नुसता आवाज.”

“मग काळ्या गाडीला कसं जुळतं?”

“तिचं इंजिन साडेसहा लिटरच्या वर आहे. मागचा गिअर ४.५६. सुटतानाच ती पाच हजारांवर असते आणि पट्टी ओलांडताना सात हजारांच्या पुढे. त्या फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साठ वेळा धूर टाकतो, आणि प्रत्येक वेळी तुझ्यापेक्षा मोठा घोट. एवढ्या धुराला एक इंच पाच सुताची, म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाची, नळी दिली तर तो गुदमरेल. दोन इंची नळीच्या आतल्या तोंडाचं क्षेत्रफळ एक इंच पाच सुताच्या नळीच्या दीडपटीहून जास्त असतं. त्याला तेवढं लागतं. तुला लागत नाही. त्याचा हेडर ज्या फेऱ्यांना जागा होतो, तिथे तुझं इंजिन आजवर एकदाही गेलेलं नाही.”

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे लहान नळी घ्यायची.”

“पुन्हा घाई केलीस. म्हणजे माप घ्यायचं. येत्या दोन वर्षांत इंजिन उघडणार आहेस? कॅमशाफ्ट, गिअर, कन्व्हर्टर काही बदलणार आहेस?”

“पैसे नाहीत.”

“बदलणार असतास तर पावणेदोन इंचाचा विचार केला असता. बदलणार नाहीस, तर एक इंच पाच सूत. नळ्या लांब घे. आखूड हेडर बसवायला सोपा असतो, पण त्यातून तुला हवी ती ओढ मिळत नाही. इंजिनाला टेकतो तो पट्टा जाड घे, निदान तीन सूत, नाहीतर तापून वाकतो आणि गास्केट गळतं. कलेक्टर जमिनीला लागतो का, प्लगपर्यंत पाना पोचतो का, हे बसवण्याआधी बघ. वरून सिरॅमिकचा थर दिलेला मिळाला तर तो घे. नळीला पट्टी गुंडाळू नकोस. पट्टीखाली ओल धरते आणि साधं पोलाद गंजतं. स्टार्टरला पत्र्याचं आवरण घाल. आणि पहिल्या तीन-चार वेळा इंजिन तापून गार झालं की प्रत्येक वेळी बोल्ट पुन्हा आवळ.”

“कायद्याचं काही?”

“तुझी गाडी ६९ ची आहे. १९७५ पर्यंतच्या मॉडेलला इथे धुराच्या तपासणीला जावं लागत नाही. नवी गाडी असती तर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच हेडर घ्यावा लागला असता. पण आवाजाचा नियम तुलाही आहे. सायलेन्सर लावल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही.”

पोरग्याने एक इंच पाच सुताचा हेडर घेतला. दुकानातल्या फळीवर तो सर्वांत साधा होता. काळ्या गाडीवाल्याने जुने पैसे परत केले, त्यातूनच तो आला आणि वर थोडे उरले. उरलेल्यातून कार्बोरेटरचे जेट आणि स्टार्टरचं आवरण घेतलं. या वेळी एकच रविवार लागला. गाडी सुरू केली तेव्हा गल्लीतल्या खिडक्या उघडल्या नाहीत. पोरगा जरा हिरमुसला.

शनिवारी चिठ्ठी हातात आली. साठ फूट २.१२. शेवटचा वेग ९८. वेळ १४.१५ सेकंद.

त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा बाहेर काढून वाचली. काळ्या गाडीच्या दहा सेकंदांपुढे ते काहीच नव्हतं. पण आजोबांच्या इंजिनात जे होतं, ते आता चाकांपर्यंत पोचत होतं. सोमवारी सिग्नल सुटला तेव्हा गाडी पाऊल टाकायला कुरकुरली नाही. बुधवारी पेट्रोल भरून किल्ली फिरवली आणि ती लगेच चालू झाली.

ड्रॅग शर्यतीचा आणखी एक प्रकार असतो. त्यात प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पट्टी संपवेल तो आकडा आधी काचेवर लिहायचा असतो. बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहितात. संथ गाडीला तेवढी आगाऊ सुरुवात मिळते. लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर संपवलं तर बाद. म्हणजे तिथे जिंकायचं तर वेगाइतकीच स्वतःची ओळख लागते. पोरग्याने काचेवर १४.१५ लिहिलं. दोन फेऱ्या जिंकला, तिसरीत १४.१३ करून बाद झाला. संध्याकाळी गार वारा सुटला होता आणि गार हवेत इंजिन जरा जास्त पळतं, हे त्याच्या वहीत अजून लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री त्याने लिहिलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण चूक एका माणसापाशी थांबत नाही.

पोरग्याची गाडी जवळजवळ अर्ध्या सेकंदाने सुधारली, ही बातमी पट्टीवर पसरली. पांढऱ्या पिकपचा मालक त्याच्याकडे आला. त्याच्या गाडीत ३८३ घनइंचांचं, म्हणजे ६.३ लिटरचं इंजिन होतं. मोठ्या झडपा, मोठा कॅमशाफ्ट, साडेसहा हजारांपर्यंत जाणारं.

“तू कोणता हेडर लावलास रे?”

पोरग्याने खूश होऊन सांगितलं, “एक इंच पाच सूत. मोठ्या नळीच्या नादी लागू नकोस. मी लागलो होतो, हात पोळले.”

पिकपवाल्याने पावणेदोन इंची चांगला हेडर काढून विकला आणि एक इंच पाच सुताचा लावला. पुढच्या शनिवारी त्याची गाडी सुटली ती गोळीसारखी. पहिल्या साठ फुटांत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण हजार फुटांच्या खुणेनंतर शेवटच्या ३२० फुटांत ती अशी मंदावली, जणू कुणी तिच्या तोंडावर उशी दाबली. पूर्वीपेक्षा दोन दशांश सेकंद जास्त लागले. तो चिठ्ठी फडकवत पोरग्याकडे आला आणि म्हणाला, “तू मला फसवलंस.”

हेच शब्द पोरग्याने काही महिन्यांपूर्वी स्वतः उच्चारले होते. त्याला घाम फुटला. तो पिकपवाल्याला घेऊन पॉप्सकडे गेला.

“पॉप्स, मी याला माप बरोबर सांगितलं होतं.”

“बरोबरच होतं,” म्हातारा म्हणाला, “तुझ्या गाडीचं.”

“पण तुम्हीच म्हणालात, मोठ्या नळीच्या नादी लागू नये.”

“मी असं म्हणालो नाही. मी विचारलं होतं. तू माझं उत्तर घरी नेलंस आणि प्रश्न इथेच विसरलास. काळ्या गाडीवाल्याने तुला दोन इंच दिले, तू याला एक इंच पाच सूत दिलेस. आकडे वेगळे, चूक एकच. याचा श्वास तुझ्याहून मोठा आहे. त्याला तू फुंकायला मिल्कशेकची नळी दिलीस.”

पोरगा खाली बघत राहिला. मग त्याने खिळ्यावरची वही काढली, एक कोरं पान उघडलं आणि पेन्सिल पिकपवाल्याच्या हातात दिली.

“कॉम्प्रेशन किती?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” पिकपवाला म्हणाला.

“मग पुढच्या शनिवारपर्यंत काही विकत घेऊ नकोस.”

म्हाताऱ्याला मंद कानांनी हे ऐकू आलं की नाही, कोण जाणे. तो वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढून कामाला लागला.

ती वही अजून त्या शेडमध्ये खिळ्याला लटकते. प्रत्येक पानावर सात-आठ प्रश्न आहेत: इंजिन केवढं, कॉम्प्रेशन किती, कॅमशाफ्ट कोणता, गिअर किती, फेऱ्या कुठे असतात, गाडी रस्त्यावर किती आणि पट्टीवर किती. नळीचा आकडा सर्वांत शेवटच्या रकान्यात येतो. वरचे सगळे रकाने भरल्याशिवाय तो रकाना भरायला तिथे मनाई आहे.

तात्पर्य: अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आपण पाहतो ते बऱ्याचदा शेजाऱ्याचं अंथरूण असतं. कधी ते मोठं असतं म्हणून आपण उताणे पडतो, कधी लहान असतं म्हणून आखडतो. दुसऱ्याला लाभलेली गोष्ट खोटी नसते, ती त्याच्या मापाची असते. म्हणून कुणाचं उत्तर उसनं घेण्याआधी आपला प्रश्न आपण मांडावा, आणि आपलं उत्तर दुसऱ्याला देण्याआधी त्याचा प्रश्न विचारावा. फुंकणी ज्याच्या त्याच्या श्वासाएवढीच हवी.